ओढतं की ढकलतं?

'सक्शन' व्हायब्रेटरच्या पोटात काय चालतं आणि निवडताना काय पाहायचं

लग्नाच्या वरातीत डीजेच्या गाडीपासून पाच-सहा फुटांवर उभं राहून पाहा. प्रत्येक ठेक्याला छातीत काहीतरी धपकन आदळतं. अंगातला सदरा थरथरतो, हातातल्या सरबतात वर्तुळं उमटतात. आपल्याला कुणी हातही लावलेला नसतो. मग ही थाप मारली कुणी?

हवेनं. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि तो मागे जातो तेव्हा ती विरळ होते. दाबाची ही चढउतार लाटेसारखी पसरत आपल्यापर्यंत पोचते आणि त्वचेला ती स्पर्शासारखीच कळते.

स्त्रियांच्या लैंगिक सुखासाठी गेल्या दशकभरात बाजारात आलेलं एक छोटं उपकरण याच तत्त्वावर चालतं. परदेशी खोक्यांवर त्याला 'क्लिटोरल सक्शन व्हायब्रेटर' म्हटलेलं असतं. कुठे 'एअर पल्स', कुठे 'प्रेशर वेव्ह', कुठे 'सॉनिक' असंही लिहितात. आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांत तेच बहुतेकदा 'पर्सनल मसाजर' या सोवळ्या नावाखाली सापडतं. घेऊ पाहणारी स्त्री यादी बघून गोंधळते. ही सगळी वेगवेगळी यंत्रं आहेत की एकाच यंत्राची वेगवेगळी नावं? सक्शन म्हणजे ओढून घेणार. मग दुखेल का? एकाला दहा पायऱ्या, दुसऱ्याला बारा, म्हणजे दुसरं जास्त चांगलं का? आणि या शंका विचारायच्या कुणाला? मिक्सर घेताना आपण दुकानदाराला चालू करून दाखवायला सांगतो. इथे तीही सोय नाही.

म्हणून आधी यंत्राच्या पोटात काय चालतं ते बघू. ते कळलं की कोणतं घ्यायचं याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

वर कोंब, खाली गड्डा

क्लिटोरिसला मराठी वैद्यकीय पुस्तकांत 'शिश्निका' असा शब्द आहे. घरोघरी मात्र तिला नावच नसतं. आतल्या भगोष्ठांची वरची टोकं जिथे एकत्र येतात, मूत्रद्वाराच्या थोडं वर, तिथे एक छोटा उंचवटा असतो आणि त्यावर त्वचेची घडी असते. डोळ्यांना दिसतो तो एवढाच भाग. हळदीचं रोप आठवा. वर हिरवा कोंब, पण गड्डा मातीखाली पसरलेला. शिश्निकेचंही तसंच आहे. दिसणाऱ्या टोकामागे तिचा दांडा आत जातो, त्याला दोन पाय फुटतात आणि योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंना रक्तानं भरणाऱ्या स्पंजासारख्या ऊतींचे दोन फुगीर भाग असतात.

ही रचना एकोणिसाव्या शतकातल्या काही शरीरशास्त्रज्ञांना ठाऊक होती, पण पुढच्या पाठ्यपुस्तकांतून ती जवळजवळ पुसली गेली. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोग शल्यचिकित्सक हेलन ओ'कॉनेल यांनी शवविच्छेदनाच्या आधारे तिची नीट मांडणी केली, तेव्हा कुठे ती पुन्हा चर्चेत आली. या अवयवात ८,००० चेतातंतू असतात हा आकडाही वर्षानुवर्षं फिरत होता. त्याचं मूळ गाईंवरच्या जुन्या अभ्यासात होतं. माणसाच्या शिश्निकेकडे जाणाऱ्या मुख्य चेतांमधले तंतू २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन इथे प्रत्यक्ष मोजले गेले. सरासरी दहा हजारांच्या वर भरली.

इतके तंतू इतक्या लहान जागेत. त्यामुळे एकीला जो स्पर्श सुखद वाटतो तोच दुसरीला झोंबतो. शिवाय आकारही सारखा नसतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ५० स्त्रियांची मोजमापं घेतली होती. दिसणाऱ्या टोकाची रुंदी कुणाची ३ मिलिमीटर, तर कुणाची १० मिलिमीटर होती. हा तिपटीचा फरक लक्षात ठेवा. यंत्राचं तोंड केवढं असावं, हा प्रश्न पुढे येणार आहे.

या अवयवाची एवढी चर्चा कशासाठी? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी सर्वेक्षणात हजाराहून अधिक स्त्रियांना विचारलं होतं, की केवळ संभोगानं तुम्हाला परमोच्च सुखाचा, म्हणजे ऑर्गॅझमचा, अनुभव येतो का? तेवढं पुरेसं होतं असं सांगणाऱ्या १८ टक्क्यांच्या आसपास होत्या. सुमारे ३७ टक्के स्त्रियांनी सांगितलं की शिश्निकेला उत्तेजन मिळाल्याशिवाय तो येतच नाही. 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' असं मनात धरून बसलेल्या अनेकींसाठी हे दोन आकडे पुरेसे बोलके आहेत.

पिचकारीचा प्रयोग

आता यंत्राकडे वळू. रंगपंचमीची रिकामी पिचकारी घ्या, तिच्या तोंडावर बोट घट्ट ठेवा आणि दट्ट्या मागे ओढा. बोटाची त्वचा आत खेचली जाते. दट्ट्या तसाच धरून ठेवलात तर बोट थोड्या वेळानं लालसर होतं. हे खरं सक्शन: हवा विरळ करायची आणि तो ताण टिकवून धरायचा.

आता दट्ट्या लांब न ओढता जेमतेम मिलिमीटरभर मागे-पुढे, मागे-पुढे हलवा. पिचकारीत कोंडलेली हवा तेवढीच राहते, पण तिला मिळणारी जागा क्षणात कमी, क्षणात जास्त होते. जागा कमी झाली की दाब वाढतो आणि जागा वाढली की दाब उतरतो. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम हाच. शाळेत आपण तो घोकलेला असतो. बोटाला आता सलग ओढ जाणवत नाही. जाणवतात त्या भराभर येणाऱ्या हलक्या थापा: ढकल, खेच, ढकल, खेच.

बाजारातली बहुतेक 'सक्शन' यंत्रं हा दुसरा प्रयोग करतात. आत एक छोटी मोटर असते. ती एका लवचीक पडद्याला मागे-पुढे हलवते. पडद्यापुढे हवेची लहानशी पोकळी असते आणि पोकळीचं तोंड मऊ सिलिकोनचं. हे तोंड शिश्निकेभोवती टेकवलं की पोकळी बंद होते आणि पडद्याची प्रत्येक हालचाल हवेमार्फत त्वचेपर्यंत पोचते. खेचण्याचा भाग त्यात असतो, पण क्षणभराचा. लगेच मागून ढकल येते. यंत्र नीट वापरलं तर त्वचा ताणून धरली जात नाही. सक्शन हे नाव ऐकून वाटणारी धास्ती इथेच ओसरावी.

या कल्पनेचा जनक म्हणून जर्मनीतल्या बव्हेरियाचे संशोधक मिशाएल लेंके यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी माशांच्या टाकीतल्या हवेच्या पंपापासून प्रयोगांना सुरुवात केली आणि पत्नीच्या मदतीनं ते तडीस नेले. २०१४ मध्ये 'वुमनायझर' हे यंत्र बाजारात आलं. २०१६ मध्ये जर्मनीतल्याच 'सॅटिस्फायर'नं कमी किमतीचं यंत्र आणलं, २०१७ मध्ये स्वीडनच्या 'लेलो'नं 'सोना' आणलं. पेटंटवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. नावांचा सुकाळ त्यातूनच झाला. प्रत्येक कंपनीला आपलं तंत्र वेगळं आहे असं सांगायचं होतं.

कुकरची रिंग

कुकरची रिंग नीट बसली नसेल तर गॅस कितीही मोठा करा, शिट्टी होत नाही. वाफ कडेनं निसटून जाते. या यंत्राचं अगदी तसंच आहे. तोंडाची कडा सगळीकडून टेकली तरच आत दाब तयार होतो. कुठे फट राहिली की तिथून हवा आत-बाहेर करते आणि त्वचेपर्यंत फारसं काही पोचत नाही. 'एवढे पैसे घातले, पण काही जाणवतच नाही' या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हीच फट असते.

फट ओळखायला कान पुरतात. तोंड नीट बसलं की आवाज दबतो आणि निसटलं की फरफर वाढते. फटीची कारणं साधी असतात. तोंड फार मोठं असतं, किंवा कोन चुकलेला असतो, किंवा केस मध्ये येतात. केस काढलेच पाहिजेत असं नाही. बोटांनी बाजूला सारून कडेला पाण्याच्या आधाराचं वंगण थोडं लावलं की काम होतं. कुकरच्या रिंगला आपण तेलाचं बोट फिरवतो तसंच.

नेहमीचं व्हायब्रेटर वेगळं का वाटतं?

साध्या व्हायब्रेटरमध्ये मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड असं वजन बसवलेलं असतं. ते फिरलं की तोल सतत ढळतो आणि सगळं यंत्र थरथरतं. मोबाइलची थरथर अशीच तयार होते. हे कंपन थेट घासून पोचतं. त्वचेवर पोचतं, खालच्या ऊतीत उतरतं आणि धरलेल्या हातातही शिरतं.

हवेच्या यंत्रात टोकाला कठीण असं काही टेकत नाही. कडा सभोवती बसते आणि मधल्या भागाला हवेची थाप मिळते. घर्षण जवळजवळ नाही. थेट स्पर्श ज्यांना सोसत नाही अशा अनेकींना म्हणून हे यंत्र सौम्य वाटतं. उलट काहींना हीच थाप फार टोकदार वाटते, कारण ती एकाच बिंदूवर एकवटते. अशा स्त्रीला रुंद डोक्याचं, मंद घुमणारं साधं व्हायब्रेटर अधिक आवडू शकतं.

त्वचेखालचे संवेदकही एकाच जातीचे नसतात. तळहातातले काही हलक्या, सावकाश थरथरीला प्रतिसाद देतात, तर खोलवरचे काही सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनांना. जननेंद्रियांत 'क्राउझ कणिका' नावाचे संवेदक असतात. ते एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते, पण त्यांचं काम कळत नव्हतं. २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या उंदरांवरच्या संशोधनात दिसलं, की हे संवेदक सेकंदाला ४० ते ८० कंपनांना सर्वाधिक दाद देतात. उंदरावरून माणसाची सेटिंग ठरवता येत नाही. पण एक गोष्ट त्यातून दिसते: थरथर किती जोराची आहे याइतकंच ती किती वेगाची आहे हेही शरीर मोजत असतं.

एका नावाखाली पाच मंडळी

*पहिलं, खरं सक्शन.* लहान पेला आणि पंप. पंप दाबला की हवा विरळ होते, ओढ टिकते, रक्तप्रवाह वाढतो आणि ऊती फुगतात. या तत्त्वावरच्या 'इरॉस' नावाच्या वैद्यकीय उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००० साली मान्यता दिली होती. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत असे. बाजारात हातपंपाचे पेलेही मिळतात. इथे ढकल नाही, फक्त ओढ आहे. जास्त वेळ किंवा जास्त ताण दिला तर सूज येऊ शकते, त्वचा काळीनिळी पडू शकते. पहिल्या खरेदीसाठी हा प्रकार नको.

*दुसरं, हवेच्या स्पंदनांचं.* वुमनायझर आणि सॅटिस्फायर या घराण्यातली बहुतेक यंत्रं अशी असतात. तोंडाच्या आत हवेची मोकळी वाट असते. थाप नेमकी, एका बिंदूवरची. कुकरच्या रिंगचा नियम इथे सर्वांत कडक: कडा बसली तर यंत्र उत्तम, नाही तर नुसता आवाज.

*तिसरं, 'सॉनिक' म्हणवणारं.* लेलोचं सोना या गटातलं. इथे तोंडाच्या आत भोक दिसत नाही. वाटीसारखा बंद खळगा असतो आणि त्याचा सिलिकोनचा तळच धडधडतो. ध्वनी म्हणजे दाबाच्याच लाटा असल्यामुळे 'सॉनिक' हा शब्द खोटा नाही. पण हवेच्या स्पंदनांपेक्षा ते वेगळंच विज्ञान आहे असंही नाही. फरक अनुभवाचा आहे. ही थाप अधिक पसरट आणि खोलवर गडगडणारी वाटते, कारण तळाची धडधड कडेलाही पोचते. बंद तळामुळे धुणंही सोपं.

*चौथं, दुहेरी.* एक टोक बाहेर हवेची थाप देतं, दुसरी दांडी योनिमार्गात जाऊन कंप पावते. कागदावर हे एकात दोन असतं. अडचण मापाची आहे. योनिद्वार आणि शिश्निका यांच्यातलं अंतर प्रत्येकीचं वेगळं. दोन टोकं त्या अंतराशी जुळली नाहीत तर आतली दांडी बसते तेव्हा बाहेरची कडा निसटते आणि रिंग पुन्हा सुटते. मधला भाग लवचीक असेल तर शक्यता बरी. पहिलंच यंत्र घेत असाल तर ही जोडगोळी थांबू शकते.

*पाचवं, नुसतं नावाचं.* काही स्वस्त यंत्रांवर 'सक्शन' लिहिलेलं असतं, पण आत हवेचा पडदा नसतो. साधी थरथरणारी मोटर आणि तिच्यावर खळगा असलेली टोपी. ओळखायची खूण: ओलं बोट तोंडावर ठेवून यंत्र चालू करा. बोटाच्या मध्यभागी थाप जाणवली तर हवा काम करते आहे. नुसती कडाच थरथरत असेल तर ते साधं व्हायब्रेटर आहे. ते वाईट असतं असं नाही, फक्त किंमत साध्या व्हायब्रेटरची असावी.

पंख्याचा एक नंबर

जाहिराती वरच्या आकड्यावर विकतात: बारा पायऱ्या, वीस पद्धती, 'सर्वांत शक्तिशाली'. मला विचाराल तर यंत्राची परीक्षा सर्वांत खालच्या पायरीवर होते. काही घरांतला पंखा एकवरच इतका सुटतो, की टेबलावरचे कागद उडतात. त्याच्या पाचचा उपयोग काय? दहा हजार चेतातंतूंच्या जागी पहिलीच पायरी बोचरी असेल तर वरच्या अकरा पायऱ्या फुकट गेल्या. म्हणून परीक्षणं वाचताना 'सर्वांत कमी वेग कसा आहे' हे शोधा. दोन पायऱ्यांमधलं अंतर लहान असावं. वाढवण्याची आणि कमी करण्याची बटणं वेगळी असावीत. एकाच बटणाचं यंत्र असेल तर कमी करायचं म्हणून सगळ्या पायऱ्यांची प्रदक्षिणा घालावी लागते आणि नको त्या क्षणी धडधड वाढते.

दुसरी कसोटी तोंडाच्या मापाची. तोंडात टोक मोकळेपणानं मावलं पाहिजे आणि कडा सभोवती टेकली पाहिजे. तोंड लहान असेल तर कडाच टोचते, फार मोठं असेल तर फट राहते. आरसा घेऊन स्वतःचा अंदाज घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. अंदाज येत नसेल तर दोन मापांच्या टोप्या देणारं यंत्र घ्यावं. लंबगोल तोंड अनेकींना गोल तोंडापेक्षा चांगलं बसतं, कारण शरीराची ठेवण तशीच आहे.

तिसरी गोष्ट आवाज. दोन खोल्यांच्या घरात, शेजारच्या खोलीत सासूबाई आणि पातळ भिंती, तिथे हा प्रश्न तंत्रज्ञानाचा उरत नाही, धीराचा होतो. टेकल्यावर दबणारा आणि उचलल्यावर फरफरणारा आवाज या यंत्रांचा स्वभावच आहे. काही महागड्या यंत्रांत त्वचा जवळ आली तरच मोटर सुरू होते, उचललं की थांबते. ती सोय नसेल तर आधी टेकवा, मग चालू करा. काढताना आधी बंद करा. पांघरूण आणि पंख्याची घरघर उरलेलं काम करतात.

चौथं, पाणी. खोक्यावर 'आयपीएक्स ७' लिहिलं असेल तर यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, म्हणजे नळाखाली बिनधास्त धुता येतं. बादलीत किंवा टबमध्ये वापरल्यास अनुभव बदलतो. पोकळीत हवेऐवजी पाणी भरतं, पाणी हवेसारखं दबत नाही, त्यामुळे थाप थेट पोचते. पायरी खालचीच ठेवा.

पाचवं, पकड. बोटांचा संधिवात असेल किंवा मनगट दुखत असेल तर लांब मुठीचं यंत्र घ्या. तळहातात मावणारं गोल यंत्र दिसायला गोंडस असतं, पण कोन धरून ठेवताना हात भरून येतो.

सहावं, ॲप. फोनवरून चालणारी यंत्रं दूर राहणाऱ्या जोडप्यांना सोयीची वाटतात. पण जोडलेलं यंत्र माहितीही पाठवू शकतं. 'वी-व्हाइब' या यंत्राच्या ॲपनं वापराचे तपशील परवानगीशिवाय गोळा केल्याचा दावा अमेरिकेत झाला आणि २०१७ मध्ये त्याच्या उत्पादक कंपनीनं सुमारे ३७.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. ॲपशिवायही पूर्ण चालेल असं यंत्र घेतलं की ही चिंताच राहत नाही.

वापर, धुणं आणि कुठे थांबायचं

पहिल्या वेळी थेट टोकावर लावायची घाई नको. वरच्या घडीवरून किंवा पातळ सुती कापडावरून सुरुवात करा, खालच्या पायरीवर. कोन बदलून पाहा. इथे जोरापेक्षा जागा महत्त्वाची: मिलिमीटरभर सरकवल्यानं जो फरक पडतो तो चार पायऱ्या चढवूनही पडत नाही.

सिलिकोनच्या यंत्राला सिलिकोनचं वंगण लावू नये, पृष्ठभाग खराब होऊ शकतो. पाण्याच्या आधाराचं घ्या. खोबरेल तेलाचा मोह आपल्याकडे होतो; पण जोडीला लेटेक्सचा कंडोम असेल तर तेलानं तो कमकुवत होतो. वंगण कडेला लावायचं, पोकळीत ओतायचं नाही.

प्रत्येक वापरानंतर सौम्य साबण आणि कोमट पाणी. टोपी निघत असेल तर काढून धुवा, आतला ओलावा कापसाच्या काडीनं टिपा आणि पूर्ण कोरडं करूनच ठेवा. मोटर असलेलं यंत्र उकळायचं नाही. दोघी किंवा दोघं मिळून वापरत असाल तर मधे धुणं सक्तीचं, कारण लैंगिक संसर्ग असाही पसरू शकतो.

यंत्राचं तोंड योनिद्वारावर लावू नये, आत हवा ढकलणं धोक्याचं असतं. गरोदरपणात आणि पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काही यंत्रांच्या चार्जरमध्ये चुंबक असतात आणि ते पेसमेकरला बाधू शकतात. बाळंतपणाचे टाके, जखम, पुरळ किंवा संसर्ग असेल तर बरं होईपर्यंत थांबा. मधुमेहामुळे संवेदना कमी झाल्या असतील तर जोराचा अंदाज चुकतो, तेव्हा जपून. आणि दुखलं तर थांबायचं. कोणत्याही स्पर्शानं नेहमी दुखत असेल तर उत्तर दुसऱ्या यंत्रात नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आहे.

'याची सवय लागली तर जागा कायमची बधिर होईल' ही भीती फार ऐकू येते. बुलेटवरून लांबचा पल्ला मारून उतरलं की तळहात काही वेळ झिणझिणतात, मग पूर्ववत होतात. इथेही तेच होतं. संवेदक थकतात, विश्रांतीनं परततात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी सर्वेक्षणात व्हायब्रेटर वापरणाऱ्या ७१ टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी आपल्याला कधीच काही त्रास झाला नसल्याचं सांगितलं. मन मात्र एका ठरावीक लयीला सरावू शकतं. अधूनमधून पद्धत बदलणं, हाताला आणि जोडीदारालाही वाव देणं, हा त्यावरचा साधा उपाय.

कायदा काय म्हणतो?

भारतात लैंगिक खेळण्यांवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा नाही. प्रश्न येतो तो अश्लीलतेचा. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आहे. म्हणूनच दुकानं नाव सोवळं ठेवतात आणि खोक्यावर शरीराची चित्रं टाळतात. सीमाशुल्क खात्यानं आयात केलेले बॉडी मसाजर 'लैंगिक खेळणी म्हणून वापरता येतील' असं म्हणत १९६४ च्या एका अधिसूचनेचा आधार घेऊन अडवले होते. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो युक्तिवाद फेटाळला; हा अधिकाऱ्याच्या कल्पनेचा खेळ असल्याचं न्यायालयाचं मत पडलं. आखाती देशांत राहणाऱ्यांनी किंवा तिकडे जाणाऱ्यांनी मात्र सामानात टाकण्याआधी तिथले नियम पाहावेत. ते बरेच कडक आहेत.

मराठी माणसाला हा वाद नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि लैंगिक विषयांवर उघड लिहिल्याबद्दल, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिल्याबद्दल खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. वाचकाला पडलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणं अश्लील ठरतं का, हा मुद्दा तेव्हा कोर्टात लढवावा लागला होता. आज तो प्रश्न एखाद्या स्त्रीच्या मोबाइलवर, रात्री उशिरा, खरेदीच्या पानावर अडलेला असतो.

त्या पानावर अडलेल्या बोटासाठी एवढंच: यादीतला सर्वांत मोठा आकडा बाजूला ठेवा. रिंग बसते का आणि पंख्याचा एक नंबर झुळकीसारखा आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारा.

चौकट: थोडक्यात निवड

- थेट स्पर्श सोसत नाही: हवेच्या स्पंदनांचं, पहिली पायरी अगदी सौम्य असलेलं.
- एकाच बिंदूवरची थाप बोचते: 'सॉनिक' बंद खळग्याचं किंवा रुंद डोक्याचं साधं व्हायब्रेटर.
- आत-बाहेर दोन्हीकडे हवं: लवचीक मधल्या भागाचं दुहेरी, पण शक्यतो दुसरी खरेदी म्हणून.
- मापाचा अंदाज नाही: दोन टोप्या मिळणारं, लंबगोल तोंडाचं.
- घरात आवाजाची अडचण: त्वचा जवळ आल्यावरच सुरू होणारं, नाहीतर आधी टेकवा, मग चालू करा.
- मनगट किंवा बोटं दुखतात: लांब मुठीचं, वाढवण्या-कमी करण्याची बटणं वेगळी असलेलं.
- खासगीपणाची काळजी: ॲपशिवाय पूर्ण चालणारं.
- हातपंपाचे पेले: पहिल्या खरेदीत नकोत.